तानूबाईचा वाख धारवाडच्या भट्टीत

गावात जो भेटतो तो एकच विचारतो, "तात्या, विमान झालं का?" किराणा दुकानात तेच, न्हाव्याकडे तेच, देवळाच्या पायरीवर तेच. सांगून सांगून तोंडाला कोरड पडली. माझी चौथीपर्यंत शाळा झालेली आहे, अक्षर बरं आहे, म्हणून एकदाचं लिहून काढतो. ज्याला वाचता येतं त्याने वाचावं. येत नाही त्याने दुसऱ्याकडून वाचून घ्यावं. पण मला परत विचारू नये.

विमान झालेलं नाही. माझ्या हयातीत होणारही नाही.

प्रकरण असं. आमची म्हातारी, तानूबाई, शिमग्याच्या आधी वाऱ्याच्या दिवसांत गेली. होती तोवर ती दरवर्षी बांधाला अंबाडी लावायची. पाल्याची भाजी करायची आणि काठ्यांचा वाख काढायची. नव्या पोरांना वाख ठाऊक नाही म्हणून सांगतो. अंबाडीच्या काठ्या ओढ्यात दगडाखाली दाबून कुजवायच्या, मग साल सोलून आपटायची, धुवायची, वाळवायची. शेवटी हातात लांब पांढरे धागे उरतात, तो वाख. ती वाख काढायची आणि मी त्याची दावी, कासरे, चऱ्हाटं वळायचो. कुजवणीच्या दिवसांत तिच्या अंगाला असा वास यायचा की आमचं कुत्रं शेजाऱ्याकडे राहायला जायचं. मला जाता येत नव्हतं.

पुढे बाजारात नायलॉनचा दोर आला आणि माझा धंदा बसला. ती लावायची थांबली नाही. मी म्हणायचो, "कुणासाठी गं हे?" ती म्हणायची, "तुमच्यासाठी नक्कीच नाही." शेवटच्या साली काढलेली एक जाडजूड जुडी आढ्याच्या कडीला लटकत राहिली आणि ती गेली.

तेराव्याला तिच्या बहिणीची नात दीपा आली होती. दीपा धारवाडला एका कॉलेजात संशोधन करते. पंगत बसलेली, आणि ही पोरगी जेवायचं सोडून वर आढ्याकडे बघत. मला वाटलं, जळमटं मोजते.

"आज्जा, तो वाख आजीचा?"

"नाही, माझ्या दाढीचा."

ती हसली नाही. म्हणाली, "आम्ही कार्बन फायबर करतो. काळा धागा असतो. लोखंडापेक्षा पुष्कळ हलका, आणि ताणाला भारी. विमानाला लागतो, पवनचक्कीच्या पात्याला लागतो, पाय गेलेल्या माणसाच्या नकली पायाला लागतो. आजवर तो जमिनीतल्या तेलापासून करत आले. आम्ही झाडापासून करून बघतोय. अंबाडी वाखासाठी आता कुणी लावतच नाही, मिळत नाही कुठे. तू देशील का हा? नाही म्हणालास तरी चालेल."

"काय करणार त्याचं?"

"आधी भाजणार, मग जाळणार."

बायकोच्या तेराव्याला, पत्रावळी उचलायच्या आधी, हे तिने मला सांगितलं. पोरीला शिक्षण फार झालंय, दुसरं काय. मी म्हटलं बघू. पंगतीतल्यांनी त्यातलं फक्त विमान तेवढं ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावात झालं की तानूबाईच्या अंबाडीचं विमान निघणार.

बघू म्हणण्यात उन्हाळा गेला, पावसाळा गेला. यंदा अंबाडी लावली नाही. दसऱ्याच्या झाडलोटीला शिडी लावून वर गेलो तर जुडीच्या टोकात उंदराने घर केलेलं. आत पिल्लं. म्हातारीने जन्मभर उंदरांशी वैर केलं आणि आता तिच्याच वाखात त्यांचं बाळंतपण. पिल्लं काढून कुडाबाहेर ठेवली आणि दीपाला फोन लावला. म्हटलं, "अर्धा देतो. पण मी स्वतः घेऊन येणार आणि डोळ्यांसमोर काय करता ते बघणार."

निघताना

आमच्या घरातली बाई तेल-फणी केल्याशिवाय गाव सोडत नाही. तानूबाई तर अळणावरच्या बाजाराला निघाली तरी आधी केस चोपडून, विंचरून, घट्ट अंबाडा घालून निघायची. मग गाडी गेली तरी चालेल. आमच्या कितीतरी गाड्या गेल्या.

जुडीचे दोन भाग केले. फडताळात तिची खोबरेलची बाटली तशीच होती. तेल हातावर घेतलं, वाखाला मुळापासून टोकापर्यंत चोळलं आणि तिच्याच फणीने विंचरलं. एक भाग झाला तोवर बाटली संपली, दुसरा कोरडाच राहिला. कुणाला हसायचं असेल त्याने इथे हसून घ्यावं, पुढे जागा नाही.

तेलाचा भाग दीपाला द्यायचा, कोरडा आपल्याकडे ठेवायचा, असं ठरवलं. पण रिकाम्या घरात ठेवला तर उंदरांची सोय. म्हणून कोरडा भाग पंच्यात गुंडाळून उशी केली आणि काखेत मारली. तेलाचा पोत्यात घातला, तोंड बाहेर ठेवलं, घुसमटायला नको म्हणून.

नवनगर

रेल्वेचं सांगण्यासारखं काही नाही, बसायला मिळालं. धारवाडला उतरून हुबळीकडे जाणारी ती थंडगार बस धरायची होती. रस्त्याच्या मधोमध तिची वेगळी वाट असते आणि स्टॉपवर फाटक, फाटकाशी पहारेकरी. पोऱ्या तरणा होता, मिशी नवी होती. पोत्याच्या तोंडातनं वाख बाहेर आलेला, पांढरा, तेलाने चमकणारा, नीट भांग पाडल्यासारखा.

"अज्जा, पोत्यात एन ऐती?"

काय आहे म्हणून विचारत होता. मी खरं ते सांगितलं. "आमची म्हातारी."

त्याने पोत्याकडे बघितलं, केसांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "यप्पा!" म्हणून दोन पावलं मागे सरला आणि शिट्टी तोंडात घातली. वाजवायची राहिली, दम पुरला नसावा. रांगेतली एक बाई पुढे आली, तिने वाख चिमटीत धरला आणि खो खो हसायला लागली. "अरे अण्णा, पुंडी आहे रे ही! दोर वळतात त्याचा." कन्नडात अंबाडीला पुंडी म्हणतात.

पहारेकऱ्याचा जीव जागेवर आला तसा राग पण आला. "हिंग अंजस्तारेन्री?" असं भिववतात होय?

"मला चाळीस वर्षं भिववलं तिने," मी म्हटलं. "तू एका मिनिटात कंटाळलास?"

बसची दारं आपोआप उघडतात, आपोआप मिटतात. माझ्या पोत्याला दोनदा चावली.

दीपाची आई शांता नवनगरला राहते. तानूबाईच्या बहिणीची मुलगी, मला काका म्हणते. नवनगर म्हणजे आखून वसवलेलं गाव. सगळे रस्ते सरळ, सगळी घरं बहिणी-बहिणींसारखी. मी नंबर बघून बरोबर घरात गेलो, पोतं कोपऱ्यात ठेवलं, उशी मांडीवर घेतली आणि खुर्चीत बसलो. आतून एक बाई आली. "बर्री, कुंद्री. ऊटा आतेन्री?" म्हणजे या, बसा, जेवलात का. पाणी दिलं, चहा दिला, चहाबरोबर चिवडा दिला. मला वाटलं शांताकडे कुणी पाहुणी आली असेल. चहा संपल्यावर ती अगदी हळू विचारते, "तुम्ही कोण?"

घर दुसऱ्याच रस्त्यावरचं.

आमच्या गावात आधी विचारतात, तू कुणाचा, कुठला, कशाला आलास. पटलं तर पाणी मिळतं. इथे आधी चहा पाजतात, मग विचारतात. चोराला बरं गाव आहे. त्या बाईनेच मला शांताच्या दारात नेऊन सोडलं, पोतं स्वतः उचलून.

शांताने माझ्या काखेकडे बघितलं. "काका, उशी कशाला आणलीत? आमच्याकडे उशा नाहीत होय?"

"मला माझीच लागते."

जेवायला जोंधळ्याची भाकरी, आणि ताटात दुसरं काय तर पुंडीची भाजी. अंबाडीच. चाळीस वर्षं जिला नावं ठेवली ती इथे पण आधी येऊन बसलेली. आंबट ढाण. मी म्हटलं, "लसूण कमी आहे."

शांता म्हणाली, "मावशी सांगायची, तुझे काका नावं ठेवतात आणि तीनदा घेतात."

मी दोनदाच घेतली. तिसऱ्यांदा घ्यायचा धीर झाला नाही.

भट्टी

भट्टी म्हटल्यावर मला वीटभट्टी डोळ्यांसमोर होती. धूर, राख, घाम. दीपाने एका पांढऱ्या खोलीत नेलं. थंड इतकी की दुधाला विरजण लागणार नाही. अंगात पांढरा कोट चढवला, टोपी काढून दुसरी जाळीची टोपी घातली, पायाला पिशव्या घातल्या. आरशात बघितलं तर मीच मेल्यासारखा दिसत होतो. दोन भट्ट्या होत्या. एक पेटीसारखी, दुसरी आडव्या नळीची, आणि त्या नळीच्या शेजारी लोखंडी सिलिंडर साखळीने बांधलेलं. पळून जाईल म्हणून बांधलंय का म्हटलं तर नाही, पडेल म्हणून.

दीपाने समजावलं. वाख सरळ भट्टीत टाकला तर पेटणार, राख होणार, संपलं. म्हणून आधी ह्या पेटीत उघड्या हवेत सावकाश भाजायचा, तांबडा-तपकिरी होईपर्यंत. घाई केली की वाया. मग नळीत घालायचा आणि सिलिंडरमधला नायट्रोजन सोडायचा. त्या वायूत काही पेटत नाही. मग आच कितीही वाढवली तरी धागा जळत नाही, त्यातलं बाकी सगळं उडून जातं आणि कार्बन तेवढा उरतो.

"बाकी सगळं म्हणजे काय?"

"पाणी, धूर, वायू. वजनाचा मोठा भाग जातो आज्जा. मूठभर घातलं तर चिमूटभर येतं."

"आणि वारा लागला तर?"

"तर राख."

ओढ्याकाठी आम्ही तिला नेली त्या दिवशी वारा सोसाट्याचा होता. सगळे म्हणत होते, बरं झालं, लवकर आटपेल. आटपलं खरंच लवकर. मी दीपाकडे वळलो. म्हटलं, "मोठी अक्कल आहे ह्या नळीला."

तिने पोत्यातला वाख काढला आणि हातात घेऊन खूश झाली. "किती मऊ आहे! किती चमकतो!" मी मान हलवली. मला बरं वाटलं. म्हटलं, बघितलंस, कुठेही गेली तरी नीटनेटकी. पहिली खेप तिला काही न धुता, न करता, जसा वाख आहे तसाच भाजायची होती. मग पुढच्या खेपेला धुऊन, म्हणजे फरक कळतो. तिने जवळजवळ सगळाच पेटीत मांडला, कारण भट्टीची पाळी होती आज आणि उद्या. परवा दुपारपासून भट्टी दुसऱ्या खात्याकडे जाणार. तिचं काम चालू ठेवायचं की बंद करायचं हे तिच्या साहेबांना ह्या धाग्यावरून ठरवायचं होतं.

आम्ही चहाला गेलो. परत आलो तर खोलीत बाजारातल्या कढईसारखा वास. मला तर भूकच लागली. पेटीच्या फटीतनं पांढरा धूर येत होता आणि छताला लावलेलं एक डबडं बोंबलायला लागलं. माणसं धावली. दीपाचे साहेब, म्हणजे तिचे सर, धावत आले, भला माणूस, पोटाने मोठा, धारवाडचाच. त्यांनी बटण दाबलं, खिडक्या उघडल्या, पंखे लावले, आणि नाक वर करून वास घेतला.

"दीपा, इल्ली एन करीलिक्हत्तिद्दी?" इथे काय तळत होतीस?

दीपा माझ्याकडे वळली. "आज्जा, वाखाला काही लावलंयस का?"

"तेल."

"कसलं तेल?"

"खोबरेल. तिचंच. आणि विंचरलं पण."

डबडं तेवढं बोंबलत होतं. मग सर म्हणाले, "अज्जार, इदु मिर्ची अंगडी अल्रि." हे मिरचीभज्यांचं दुकान नव्हे. आणि त्यांचं पोट हलायला लागलं. ते हसायला लागले तसे सगळे हसले. दीपा सोडून. तिने पेटी उघडली. वाख एकमेकाला चिकटून काळ्या ढेपा झालेल्या. तिने एक ढेप बोटात धरली तर भुगा झाला. तवा खरवडल्यावर पडतो तसला भुगा.

मी म्हटलं, "झालं का फायबर?"

"नाही आज्जा."

उणकल

संध्याकाळी ती मला उणकलला घेऊन गेली. तळ्याकाठचं गाव होतं म्हणे पूर्वी, आता हुबळीने गिळलं. तळं तेवढं गिळायचं राहिलंय. काठावर माणसं फिरतात. आमच्याकडे चालायचं ते कुठेतरी पोचायला. इथे बूट घालून तळ्याला वळसा मारतात आणि जिथनं निघाले तिथेच येतात. वर दमतात.

गिरमिट खाल्लं. गिरमिट म्हणजे चुरमुऱ्याचाच प्रकार, पण कांदा-टोमॅटोची ओली फोडणी मारून, वरनं बारीक शेव. सोबत मिरची. मिरचीचं भजं समोर आल्यावर मला सरांचं वाक्य आठवलं आणि हसू आलं. दीपा पण हसली, पण डोळे पुसत.

"रागावलीस?"

"नाही रे. तेल लावलंस ते बरोबरच केलंस. आजी विस्कटलेल्या केसांनी कुठे गेलीच नसती."

"मग रडतेस कशाला?"

"धुरामुळे."

धूर सकाळचा. ती म्हणाली, "उद्या बाजारातला ताग मांडते. चांगला नाहीये, पण पाळी रिकामी जाण्यापेक्षा बरं. तू सकाळच्या गाडीने गेलास तरी चालेल, आज्जा. बघायला काही राहिलं नाही."

उशी माझ्या काखेत होती. तळ्यावर पण मी ती घेऊन गेलो होतो. लोक बघत होते, म्हातारा उशी घेऊन फिरायला आलाय. मी पंच्याची गाठ चाचपत बसलो. आत राहिलेला तो शेवटचा वाख. तिच्या हातचा त्याच्याशिवाय घरात दुसरा एक धागा नाही. लुगडी पोरींनी वाटून नेली. तेलाची बाटली मी संपवली. हा पण दिला आणि ह्याचा पण भुगा झाला तर मी गावाला काय घेऊन जाणार? फणी?

तिला नेली त्या दिवशी मला कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना घाई होती. ऊन चढतंय, वारा आहे, उचला. मी मागनं चाललो. ह्या पोरीने विचारलं होतं. तेराव्याला, पंगतीत, वेळ-काळ न बघता, पण विचारलं होतं, आणि नाही म्हणालास तरी चालेल असं पण म्हणाली होती.

मी म्हटलं, "मिरची अजून एक सांग."

दुसरी पाळी

सकाळी शांता चहा घेऊन आली तर मी पंचा सोडून बसलेलो. ती बघतच राहिली.

"काका, ही उशी?"

"टोचतच होती रात्रभर," मी म्हटलं. "दीपाला हाक मार. आणि ह्याला कुणी तेल लावलेलं नाही म्हणावं."

दीपा दात घासत बाहेर आली, तोंडात फेस. वाख बघून तशीच उभी राहिली. मग तिने फेसासकट मला मिठी मारली. आमच्याकडे सकाळी उठून म्हाताऱ्यांना असं कुणी करत नाही. माझा सदरा बदलावा लागला.

मी एवढंच म्हटलं, "सगळा घे. चिमूटभर येतो म्हणालीस ना, मग मूठभर तरी घालायला हवा."

ह्या खेपेला तिने वाख आधी धुतला, कसल्या तरी पाण्यात, दोनदा, वाळवला, मोजून मांडला. पेटीसमोर ती स्टूल टाकून बसली आणि मी तिच्या शेजारी. चहाला उठलो नाही. वाख आधी पिवळा झाला, मग भाकरीच्या पापुद्र्यासारखा, मग विडीच्या पानासारखा. वास आला तो ओढ्याचा. कुजवणीचा नाही, वाळवताना यायचा तो. मी नाक शिंकरलं.

मग तो एका पट्टीवर मांडून नळीत घातला. दोन्ही तोंडं बंद. सिलिंडर सुरू केलं तेव्हा सुस्स आवाज आला. सर येऊन काचेतनं बघून गेले. "अज्जार, इवत्त एन वास बरांगिल्ल," म्हणाले, आज काही वास येत नाहीये. मी म्हटलं, "आज उपास आहे."

आच चढत गेली. आतला रंग लालबुंद दिसत होता, पण ज्वाळ नाही. आगीत ठेवलेलं आणि पेटत नाही, हे मी पहिल्यांदा बघितलं.

"कधी उघडायचं?"

"उद्या. पूर्ण गार झाल्यावर. गरम असताना उघडलं तर वारा लागेल आणि सगळं गेलं."

सावडायला

दुसऱ्या दिवशी कॉलेजात शिरताना मी दारातच चपला काढल्या आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मला कळलंच नाही मी काय करतोय ते. तिसऱ्या दिवशी राख गार झाल्यावर सावडायला जातो तसा मी चाललो होतो. बरोबर दुधाचा तांब्या नव्हता एवढंच.

दीपाने बघितलं. ती पण थांबली, तिला कळलं. मग म्हणाली, "आज्जा, जाळीची टोपी घाल. केस पडतात तुझे, धाग्यात मिसळतील."

"मिसळू देत की."

"आज्जा."

घातली.

तिने नळीचं तोंड उघडलं आणि चिमट्याने आतली पट्टी हळू बाहेर ओढली. मी डोळे मिटून घेतले होते. खरं सांगतो, मला भुगा बघायचा नव्हता. दीपा काही बोलेना म्हणून उघडले.

पट्टीवर काळा धागा होता. काळाभोर, सरळ, जसा मांडला होता तसाच, थोडा आखडलेला, थोडा बारीक. उजेडात धरला की चमकायचा. वजन म्हणाल तर नाहीच, फुंकर मारली असती तर उडाला असता. पण राख नव्हती. भुगा नव्हता.

केस पांढरे झाल्यावर पोरी तानूबाईच्या मागे लागल्या होत्या की कलप लाव. तिने कधी लावला नाही. म्हणायची, "कुणाला दाखवायचंय? ह्यांना दिसतं कुठे?"

मी म्हटलं, "मेल्यावर कलप लावलाय बघ थेरडीने."

दीपा हसायला लागली आणि हसता हसता चिमटा खाली ठेवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही, तिने माझ्याकडे बघितलं नाही. सर आत येत होते, ते दारातनंच परत फिरले. म्हटलं ना, भला माणूस.

मग त्याची परीक्षा. एक धागा, अगदी एकच, कागदाच्या चौकटीवर चिकटवतात, चौकट यंत्राच्या दोन जबड्यांत धरतात आणि कागदाच्या कडा कापून टाकतात. मग यंत्र ताणत जातं, धागा तुटेपर्यंत. मी म्हटलं, "एवढ्या कष्टाने केलात तो तोडायला?" दीपा म्हणाली, "तुटल्याशिवाय कळत नाही किती धरतो." असे कितीतरी तोडले. दरवेळी मला वाटायचं, बास करा आता. दरवेळी ती पडद्यावर आकडा बघून ओठ चावायची. शेवटी म्हणाली, "मागच्यापेक्षा बरा आहे. बराच बरा."

"बाजारातल्याएवढा?"

"नाही रे. त्याच्या जवळपास पण नाही अजून. पण काम बंद होणार नाही."

सरांनी पण तेच सांगितलं, कन्नडात, आणि मला पेढा दिला. विमानाचं विचारलं तर म्हणाले, "अज्जार, विमान इन्नू दूर ऐती." अजून लांब आहे. नकली पायाचा तळवा कदाचित आधी होईल. मी म्हटलं, पाय चालेल, तिचं तसंही घरात लक्ष नसायचं, कायम चालत असायची.

निघताना दीपाने थोडा धागा काचेच्या नळीत घातला, बूच लावलं आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. मी सवयीने बूच काढून एक धागा बोटांवर घेतला, पीळ द्यायला लागलो. टिचकन तुटला. ताणाला भारी, पण वळायला गेलं की मोडतो. त्याचा दोर होणार नाही. दीपाने नळी काढून घेतली, बूच घट्ट बसवलं आणि परत खिशात ठेवली. "हात नको लावू त्याला, आज्जा."

परत

परतीच्या स्टॉपवर तोच पहारेकरी, आज त्याची पाळी इथे होती. ह्या वेळी त्याने मला आधी ओळखलं. पोतं रिकामं, काखेत उशी नाही. लांबूनच ओरडला, "अज्जा! अज्जी एल्ली?"

म्हातारी कुठाय म्हणून विचारतोय. मी खिशातनं नळी काढून त्याच्यासमोर धरली. त्याने वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मिशीखाली त्याला हसू आलं होतं ते गेलं.

"तरणी झाली," मी म्हटलं.

त्याने फाटक उघडलं. तिकीट बघितलं नाही. बसचं दार मिटायला लागलं तेव्हा हात मध्ये घालून धरून ठेवलं, मी चढेपर्यंत.

अळणावरला उतरल्यावर बाजारात खोबरेलची एक बाटली घेतली. का घेतली ते विचारू नका.

तर विमान झालेलं नाही. जे झालंय ते काचेच्या नळीत आढ्याच्या कडीला टांगलं आहे, जिथे जुडी असायची तिथेच. उंदरांना काच चढता येत नाही. कुणाला बघायचं असेल त्याने खुशाल यावं, दिवसाउजेडी यावं, शिडी मी धरतो. बूच मात्र काढू देणार नाही. आता वारा लागला तरी त्याला काही होत नाही असं दीपा सांगते. पोरगी शिकलेली आहे, खोटं सांगणार नाही. पण वाऱ्याचं मी एकदा बघितलंय.